सहा फुटांचा घाट

दस्तगीरमामांचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा हातात ट्रंक घेऊन त्यांच्याच जिन्यात उभी होते, आणि तो राग माझ्यावरच आहे असं वाटून दोन पायऱ्या मागे सरले.

"भायेर हो! आधी भायेर हो माज्या दुकानातनं!"

खालच्या दारातून एक दांडगा पैलवान बाहेर आला. डोक्याला फेटा, खांद्यावर चांदीची गदा, आणि चेहरा मास्तरांनी वर्गाबाहेर काढलेल्या पोरासारखा. त्याच्या मागून मामा आले. उंचीनं त्याच्या छातीपर्यंतही नव्हते.

"गदा कुणाची? वस्तादाची. कुस्ती कुणी मारली? वस्तादानं. आन फोटू तुजा? जा, जिंकून ये. फुकट काढतो, ह्या भिंतीएवढा काढतो!" मग माझ्याकडे वळून त्याच पट्टीत म्हणाले, "बाई, तुमी वर चला. पाणी सकाळी येतंय, हंडे भरून ठेवा."

ही माझी आणि माझ्या घरमालकांची ओळख. सत्तरच्या आसपासची गोष्ट. मी शाहूवाडीकडच्या पाथरमाळची, शिक्षिका म्हणून कोल्हापुरात आले आणि पापाच्या तिकटीजवळ मामांच्या फोटो स्टुडिओवरची खोली भाड्यानं घेतली. पुढे बरीच वर्षं तिथं काढली. एवढ्या वर्षांत मामा कुणाशी हळू बोलल्याचं मला आठवत नाही. जैनबमामी म्हणायच्या, "इनको गुस्सा नै आता, बाई. इनका आवाजच वैसा है." हे खरं नव्हतं. मामांना राग यायचाच, आणि बहुतेक वेळा तो योग्य माणसावर असायचा. माझा स्वभावही काही गोड नाही, त्यामुळे आमचं जमलं.

तरुणपणी मामा सिनेमाच्या स्टुडिओत होते. आकाशातून देव उतरायचा, राक्षसाचं मुंडकं उडायचं, शत्रूचा किल्ला धडाडून पेटायचा, ते सगळं मामांच्या हातचं. किल्ला टेबलावर मावेल एवढा असायचा आणि पडद्यावर तो पाहून बायका पदर तोंडाला लावायच्या. त्यावरून पेठेत त्यांचं नाव पडलं ट्रिकवाले दस्तगीर. पुढे स्टुडिओ सुटला, स्वतःचं दुकान झालं, पण नाव काही सुटलं नाही. त्या नावानं हाक मारली की मामा वळून बघत नसत.

"सिनेमात लोकं तिकीट काढून फसायला येत्यात," ते म्हणत. "फोटूत न्हाय. फोटू कोर्टात चालतोय."

एकदा एक कुटुंब आलं. आई, वडील, सुना, नातवंडं. थोरला मुलगा लष्करात होता, सुटी मिळाली नव्हती. त्याचा जुना फोटो आईनं पिशवीतून आणला होता आणि तो मधे चिकटवून द्या असं तिचं म्हणणं. मामांनी सगळ्यांना बसवलं, मधे एक रिकामी खुर्ची ठेवली आणि काळ्या कापडात डोकं घातलं. आई म्हणाली, "आवो, खुर्ची रिकामी हाय की!" मामा कापडातूनच ओरडले, "रिकामीच हाय न्हवं घरात? मग रिकामी येऊ दे. जो आला न्हाय त्येची खुर्ची काढतो मी." बाई रडायला लागली, नवरा भांडायला लागला. फोटो मात्र तोच निघाला. मुलगा सुटीवर आला तेव्हा सगळे पुन्हा आले आणि त्याला त्याच खुर्चीवर बसवून दुसरा फोटो काढून घेतला. दोन्ही फोटो त्यांच्या घरी शेजारी शेजारी लावलेले मी पाहिले आहेत.

अशा माणसानं सहा फुटांच्या फळीवर अख्खा घाट बांधावा आणि त्यातून रेल्वे न्यावी, याचं नवल वाटेल. मला वाटलं नाही. त्याचं कारण मी स्टेशनावर पाहिलं होतं.

शुक्रवारी नमाज झाला की मामा स्टेशनात जात. फलाटाच्या पार टोकाला, जिथं कोल्हापूरचे रूळ आडव्या लाकडाला जाऊन थांबतात, तिथं कमरेवर हात ठेवून उभे राहत. एकदा मी मिरजेहून येत होते, उतरले तर हे तिथं. हमालाला जाब विचारत होते. "हितं संपतंय. का संपतंय रे? म्होरं काय समुद्र हाय व्हय? समुद्र तर अजून लांब हाय!" हमाल बिचारा विडी हातात धरून ऐकत होता. कोल्हापूरहून घाट उतरून कोकणात रेल्वे जाणार, हे आमच्याकडे प्रत्येक पिढीनं ऐकलेलं. मोजणी होते, खांब रोवले जातात, पुढच्या पावसाळ्यात खांब वाहून जातात. मामांना ते आडवं लाकूड बघवत नसे. मला म्हणाले, "सरकार करत न्हाय न्हवं? मी करतो. बघू कोण आडवतंय."

मागच्या खोलीत फळी आली. कोंबड्यांच्या जाळीचे डोंगर झाले, त्यावर प्लास्टरमध्ये बुडवलेलं गोणपाट बसलं. सायकलीच्या तारांचे रूळ, बांबूच्या कामट्यांचे स्लीपर. खडी हवी म्हणून खाणीतला चुरा मामींच्या चहाच्या गाळणीतून गाळला गेला आणि मामींनी दोन दिवस चहा केला नाही. माती मात्र घाटातलीच. एसटीनं जाऊन मामा पिशवीभर तांबडी माती घेऊन आले. वाटेत पाथरमाळला उतरून आमच्या गावामागची, माथ्यावर एकटंच देऊळ असलेली टेकडी बघून आले, आणि ती जशीच्या तशी रुळांशेजारी बसवली. इंजिन पत्र्याचं, हातानं डाग देऊन जोडलेलं. झाडं पहिल्यांदा सुक्या पाल्याची केली होती. फोटोत ती मेथीच्या जुड्यांसारखी आली. मामांनी सगळं जंगल उपटून अंगणात फेकलं आणि घोसाळ्याच्या जाळ्या रंगवून नवीन लावलं. हे सगळं व्हायला दोन पावसाळे गेले. गिऱ्हाईक आलं की मामा आतून ओरडत, "बसा! घाटात हाय मी!"

बांधणं अर्धंच काम होतं. मामांना तो घाट फोटोत खरा करायचा होता. काडेपेटीच्या काडीचा एक गँगमन, रुळांवरचा कामगार, त्यांनी कोरला होता, हातात हिरवं निशाण. कॅमेऱ्याची जागा ठरवायची की आधी तो गँगमन तिथं उभा करायचे.

"आपल्या डोळ्यानं बघितलं की खेळणं," ते म्हणाले. "ह्येच्या डोळ्यानं बघितलं की घाट. कॅमेरा ह्येच्या उंचीवर पायजे."

म्हणून कॅमेरा जवळजवळ फळीला टेकवला. भिंगात पत्र्याची चकती बसवली, तिला सुईनं भोक. त्याशिवाय जवळची खडी आणि लांबचा डोंगर दोन्ही स्वच्छ येत नाहीत. पण एवढ्याशा भोकातून उजेड आत जायला वेळ लागतो, आणि खोलीत तर अंधार. तेव्हा मला अंगणात आरसा घेऊन उभं केलं, ऊन खिडकीतून आत टाकायला. शेजारच्या बाईनं आपलाही आरसा आणू का म्हणून विचारलं, तर मामा खवळले. "आकाशात सूर्य किती? एकच न्हवं? मग आरसा बी एकच! दोन सावल्या पडल्या की खोटं उघडं पडतंय." इंजिनाच्या धुराड्यात उदबत्तीचा तुकडा पेटवून मामी भिंतीला चिकटून उभ्या. मामांनी भिंगाचं टोपण काढलं. "कोण हलायचं न्हाय. बाई, आरसा! जैनब, श्वास बंद!" मामींना हसू फुटलं आणि कॅमेऱ्यातली ती निगेटिव्हची काच वाया गेली. त्यावर जे ऐकावं लागलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पण शेवटी हवा तसा फोटो निघाला. पूल, पुलावर गाडी, गाडीच्या डोक्यावर मागे वळलेला धूर, आणि मागे आमच्या पाथरमाळची टेकडी. मला माझ्या वडिलांच्या शेतात उभं राहून गाडी बघितल्यासारखं वाटलं. मामांनी फोटो मोठा करून दर्शनी काचेत लावला. कधी एखादा थांबून विचारी, "मामा, कुठला हो घाट?" मग मामा हाताला धरून आत नेत आणि फळी दाखवत. एवढ्यापुरते ते खूश असत. आयुष्यात त्यांना कशाचा गर्व झाला असेल तर या फोटोचा.

त्याच सुमारास निवडणुका आल्या. विलास नावाचा, साहेबांचा एक कार्यकर्ता आला. साहेब म्हणजे त्यांच्या पक्षाचे उमेदवार. साहेबांना फोटो फार आवडला, त्यांच्या बैठकीत लावायचाय, एक प्रत द्या म्हणाला. मामांनी स्वतः प्रत काढली, पातळ कागदात गुंडाळून दिली. आत घाट दाखवायला नेलं तर विलास म्हणाला, "नंतर बघतो मामा, गडबडीत हाय." तो मुद्दामच आत गेला नाही, हे आता कळतं.

सुटीत मी गावी गेले. एसटीतून उतरले तर आमच्या दारावर, देवळाच्या खांबावर, पिठाच्या गिरणीवर एकच पत्रक चिकटवलेलं. वर हात जोडलेले साहेब, खाली मामांचा फोटो, आणि मधे जाड अक्षरात: कोल्हापूर-कोकण रेल्वेचा पहिला टप्पा पूर्ण. गावात सण असल्यासारखा आनंद. टेकडी आपली, देऊळ आपलं, शंका घेणार कोण? रूळ पलीकडच्या अंगाला टाकलेत, रानातून दिसत नाहीत, असंही एकानं मला छातीठोकपणे सांगितलं. माझी थोरली चुलती गंगाआक्का पत्रक हातात घेऊनच बसली होती.

आक्काचं सांगायला हवं. तिची एकुलती लेक घाटाखाली कोकणात दिलेली. आक्काला एसटी लागायची. नुसती लागायची असं नाही, घाटाच्या दुसऱ्या वळणाला ती इतकी ओकायची की दोनदा कंडक्टरनं वाटेतच उतरवून परतीच्या गाडीत बसवलं. लेकीची दोन बाळंतपणं झाली, आक्का जाऊ शकली नाही. रेल्वे माणसाला लागत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं.

"व्हय गं, गाडी थांबंल न्हवं आपल्यात?" तिनं मला विचारलं.

मी म्हटलं, "आक्का, ही खेळण्यातली गाडी आहे. माझ्या घरमालकानं केलीय. मी स्वतः आरसा धरला होता."

आक्का हसली. "शिकल्याली पोर तू. तुला थट्टाच सुचती."

पत्रक मी कोल्हापूरला आणलं. मामांनी ते टेबलावर पसरलं, भिंग डोळ्याला लावलं आणि कितीतरी वेळ पाहत राहिले. "सावली माजीच हाय," एवढंच म्हणाले. त्यांचा आवाज तेव्हा हळू होता का? नाही, तेव्हाही नव्हता. पण त्यानंतर जो चढला तो तिकटीपर्यंत ऐकू गेला असेल. टोपी न घालताच ते साहेबांच्या कचेरीत गेले. तिथं विलासनं चहा मागवला आणि म्हणाला, "मामा, लोकांना जरा सपान दाखवलं. त्यात तुमचं काय गेलं?" मामांनी चहाचा कप त्याच्या टेबलावर उपडा केला आणि परत आले.

मला म्हणाले, "बाई, टोपण तुमी काढायचं. आज मी घाटात उभारणार."

ते फळीमागे गेले. टेकडीच्या देवळामागून त्यांचं डोकं वर आलं, डोंगराएवढं. एका हाताच्या दोन बोटांत इंजिन उचलून धरलं. भोक तेच सुईचं, त्यामुळे पुष्कळ वेळ तसंच उभं राहणं आलं. इतका वेळ रागावलेला चेहरा जराही न हलवता धरणं दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. मामांना ते अवघड गेलं नाही. हा फोटो त्यांनी पहिल्याच्या शेजारी काचेत लावला आणि खाली लिहिलं: हाच तो घाट. लांबी सहा फूट. खात्री करायची असेल तर आत या.

आता खोटं उघडं पडणार, असं मला वाटलं. मी कोल्हापूरला ओळखलं नव्हतं. हे सिनेमावाल्यांचं गाव. इथं पानपट्टीवाल्यालासुद्धा ट्रिक सीन कसा घेतात ते माहीत. काचेपुढे गर्दी झाली, लोकांनी दोन्ही फोटो निरखून पाहिले आणि एकमेकांना समजावून सांगितलं की गाडीचा फोटो खरा आहे आणि मामांच्या मोठ्या डोक्याचा फोटो ट्रिकचा.

"मुंडकं काय झकास बसवलंय बघ! जोड दिसतोय का कुठं?"

"दिसंल कसा? ट्रिकवाले दस्तगीर हायत ते."

मामा दारात येऊन ओरडत, "आरं बेण्यांनो, आत येऊन बघा की! हात लावून बघा!" लोक हसत, शाबासकी देत आणि पुढं जात. आत चार माणसंही आली नसतील. साहेबांनी भर सभेत मामांचं नाव घेतलं. आमच्या कोल्हापूरचे थोर ट्रिक कलाकार विरोधकांना सामील झाले, पण जनता खरा फोटो ओळखते, म्हणाले. टाळ्या पडल्या. एक दिवस सकाळी काच फुटलेली सापडली. मामांनी नवी बसवली नाही, डोंगर करून उरलेली कोंबड्यांची जाळी ठोकली. साहेब निवडून आले. मला अजून राग येतो तो साहेबांचा नाही, त्यांचा धंदाच तो. आत यायला चार पावलं लागत होती, आणि ज्यांनी ती टाकली नाहीत त्या सगळ्यांचा राग येतो.

"फोटूवर विश्वास न्हाय, न्हवं?" मामा म्हणाले. "मग घाटच न्हेतो."

गूळ उतरवून शाहूवाडीकडे रिकामा परतणारा टेम्पो मिळाला. फळी दोरांनी बांधली, मामा मागे तिच्याजवळ बसले, मी पुढे. पाथरमाळला आठवड्याचा बाजार होता. शाळेच्या ओसरीवर फळी ठेवली आणि वरची चादर काढली. टेम्पोतल्या गुळाच्या वासानं काळे मुंगळे घाटात शिरले होते. एक मुंगळा पुलावरून इंजिनाकडे निघालेला. पोरं किंचाळली. मामांना आनंद झाला, एवढा पुरावा त्यांनाही सुचला नसता.

"बघा! नीट बघा! डब्याएवढा मुंगळा असतोय व्हय कुठं? फळी हाय ही! ह्योच तो फोटू!"

या वेळी सगळ्यांना पटलं. म्हातारे वाकून वाकून पाहत होते. आमच्या टेकडीवर बोट ठेवत होते. माझ्या वडिलांनी डोकं हलवलं. "व्हय. मॉडेल हाय."

"मॉडेलच हाय!" मामा म्हणाले.

"म्हंजे मंजूर झालं," वडील शांतपणे म्हणाले. "धरणाचं बी असंच मॉडेल आणलं हुतं तालुक्याला. असंच, माती, झाडं, समदं. आमी बघितलं, आन मग धरण झालंच की. आदी मॉडेल, मग काम."

सगळ्यांनी माना डोलावल्या. धरण झालं होतं, हे खरंच होतं. तेवढ्यात गर्दीतून आक्का पुढे आली. तिनं झेंडूचं फूल इंजिनापुढे ठेवलं आणि मामांना म्हणाली, "पावणं, तुमीच बनवलीसा न्हवं? मग एवढं आमच्यात थांबवा की. दोन मिंट थांबली तरी चढतो मी."

"आक्का, गाडी न्हाय," मामा म्हणाले. "येणार बी न्हाय."

"पर ही काय हितं उबी हाय."

"खोटी हाय ती!" मामा ओरडले. "थांबायला गाडीच न्हाय! कुणी बी येणार न्हाय तुमच्यासाठी! फसवलंय तुमास्नी!"

आक्का घाबरली नाही. ती मामांकडे पाहत म्हणाली, "मग एवढी खऱ्यावाणी कशाला केलासा?"

मामांनी घाट परत नेण्याचं नावही काढलं नाही. शाळेच्या मास्तरांकडून एक फळा मागितला आणि ओसरीवर, घाटाच्या वर, पांढऱ्या तेलरंगानं लिहून टांगला: ही रेल्वे सहा फुटांची आहे. खरी नाही. खरी केव्हा येणार ते निवडून दिलेल्यांना विचारा. परतीच्या एसटीत म्हणाले, "त्या म्हातारीला काय सांगायचं, बाई? मला बी पायजेच हुती की ती गाडी. मला काय हौस हुती व्हय खोटं करायची?" पुढच्या बाकावरच्या माणसानं वळून पाहिलं, तर त्याच्यावर ओरडले.

इथून जे सुरू झालं ते कैक वर्षं चाललं. आक्का तो फळा घासून टाकायची. विटेच्या तुकड्यानं, रोज थोडा थोडा, सगळी अक्षरं जाईपर्यंत. हे अख्ख्या गावाला माहीत होतं आणि मामांनाही. वीट ती शाळेच्या खिडकीत ठेवायची, मामांना दिसेल अशी. दर उन्हाळ्यात मामा रंगाचा डबा घेऊन जात, कोरा फळा बघून गावाला ऐकू जाईल एवढ्या शिव्या देत आणि पुन्हा तेच लिहीत. आक्का ताक घेऊन ओसरीवर येई. "लिवा, लिवा. तुमी गेलासा की मी हायच." मामा ताक पिऊन म्हणत, "आक्का, लाज वाटू दे." ती म्हणे, "तुमाला वाटती व्हय?" मग मामा घाटावरची धूळ ब्रशनं झाडत आणि आक्का बाजूला बसून कुठली गाडी कुठं जाते ते विचारी.

दरम्यान गावानं आणखी एक केलं. जिथं फाट्यावर एसटी थांबते, त्याला लोक स्टेशन म्हणू लागले. गंमत म्हणून नव्हे. सोय म्हणून, रेल्वे आली की नाव बदलायला नको. कंडक्टरही तेच ओरडू लागले. मामांना हे कळलं तेव्हापासून ते तिथं उतरेनासे झाले.

माझी बदली गडहिंग्लजला झाली, मामांची गाठ पडेनाशी झाली. ऐंशीनंतर एका उन्हाळ्यात मी गावी निघाले होते. वर्षभर अंथरुणाला खिळून आक्का गेली होती, तिचं बारावं होतं. गाडी भरलेली. पाथरमाळचा फाटा आला, कंडक्टर ओरडला, "स्टेशन! चला, स्टेशनवाले!" आणि पुढच्या बाकावरून तो ओळखीचा आवाज उठला.

"कुठाय स्टेशन? दाखव! रूळ दाखव मला!"

मामा पार वाळले होते. हातात रंगाचा डबा. कंडक्टर नवा नसावा, कारण तो कंटाळून म्हणाला, "उतरा की मामा. दर वर्साला काय ह्ये?"

"पाथरमाळ म्हण. मग उतरतो."

"उतरायचं तर उतरा, न्हाईतर म्होरच्या फाट्याला."

"म्होरच्या फाट्याला!" मामा म्हणाले आणि बसून राहिले. मी हाक मारेपर्यंत लोकांनी मला खाली ढकललं आणि गाडी त्यांना घेऊन पुढे गेली.

घरी न जाता मी मामांची वाट बघत शाळेच्या ओसरीवर जाऊन बसले. घाटावर धूळ होती, इंजिनापुढे वाळलेला झेंडू होता. बऱ्याच वेळानं मामा उन्हातून चालत आले. लांबूनच ओरडायला सुरुवात केली होती, सवयीनं. "आक्का! ए आक्का! पुसलंसा न्हवं? या भायेर!" मग ओसरीवर चढले आणि थांबले. फळ्यावर गेल्या वर्षीचं प्रत्येक अक्षर जसंच्या तसं होतं.

"औंदा कुणी पुसलं न्हाय," ते म्हणाले.

"आक्का गेली, मामा. आज बारावं."

आता मामा मास्तरांवर ओरडतील, माझ्यावर ओरडतील, असं मला वाटलं. त्यांनी डबा खाली ठेवला, खिडकीतून विटेचा तुकडा उचलला आणि फळा घासायला लागले. दम लागत होता, तरी घासत राहिले. सगळी अक्षरं गेल्यावर वीट परत खिडकीत होती तिथं ठेवली. डबा उघडलाच नाही.

मी त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले. परतीची गाडी आली. कंडक्टर दारातून ओरडला, "स्टेशन! चला लवकर, स्टेशन!" मी मामांकडे पाहिलं. त्यांनी दांडा धरला आणि मुकाट्यानं गाडीत चढले.